गच्चीवरची खोली आणि घरचं ऑफिस: नागपुरातलं एक प्रकरण

नागपूर सुधार प्रन्यासाच्या एका जुन्या ले-आउटमधलं दुमजली घर. गच्चीवर जिन्याला लागून १० बाय ८ फुटांची खोली, उंची साडेनऊ फूट. जुना कूलर, गव्हाची कोठी, दिवाळीच्या माळा असं सगळं वर्षानुवर्षं तिथे साचलेलं. घरातली मुलगी पुण्याच्या एका फर्मचे हिशेब घरून पाहते आणि खाली तिला निवांत बसायला जागा नाही, म्हणून ही खोली ऑफिस करायची ठरली. काम ती आणि तिचा मामेभाऊ मिळून करणार, बाहेरचा माणूस फक्त विजेसाठी.

त्यांची पहिली यादी अशी होती: रंग, टेबल, दिव्यांसह पीओपीचं फॉल्स सीलिंग, आणि पुढच्या वर्षी एसी. छताच्या वरच्या बाजूचा त्यात उल्लेखच नव्हता. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा गावात उघड्या स्लॅबखालच्या खोलीचं काम छताच्या वरच्या बाजूपासून सुरू झालं नाही, तर बाकीचा खर्च दोन-तीन वर्षांत पुन्हा करावा लागतो. या खोलीत ओल आणि उष्मा या दोन तक्रारी होत्या आणि त्यांचं मूळ एकाच जागी निघालं.

खोलीची ठेवण आधी सांगायला हवी, पुढचे बरेच निर्णय तिच्यावर ठरले. लांबी पूर्व-पश्चिम. पश्चिमेच्या भिंतीत ४ बाय ४ फुटांची तीन पल्ल्यांची लाकडी खिडकी. पूर्वेला दार आणि दारावर २ बाय दीड फुटाचा झरोका. दक्षिणेची भिंत जिन्याला लागून, उत्तरेची कोरी. पश्चिमेची भिंत नऊ इंची, बाकीच्या साडेचार इंची. आणि खोलीच्या छतावर ५०० लिटरची पाण्याची टाकी.

फेब्रुवारीत ओल कुठून येते?

जानेवारीअखेर खोली रिकामी केली तेव्हा दोन डाग दिसले. एक छताला, टाकीच्या बरोबर खाली, दोनेक फुटांचा, हाताला गार लागणारा. दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर स्लॅबच्या लगत, सहा फूट लांब आणि दीड फूट खाली उतरलेला. त्यावर पोपडे आणि पांढरा खार होता, पण हाताला तो कोरडा लागत होता.

मिस्त्रीला विचारलं तर एकच उत्तर: "आतून डॅम्पप्रूफ मारून देतो नं जी, काही नाही होत." होतं. पाणी भिंतीच्या मागून येत असताना आतून न श्वसणारा लेप दिला की ते लेपामागे साचतं, खार तिथेच जमतो आणि पुढच्या पावसाळ्यात लेप ताटाएवढ्या फुग्यांसकट सुटून येतो.

आधी निदान. दोन्ही डागांवर एक फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवला. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतल्या हवेतलं आहे. छताच्या डागावर छताकडच्या बाजूला थेंब आले, पश्चिमेचा कोरडा राहिला. नागपुरात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. फेब्रुवारीत ताजी ओल दिसली की संशय पावसावर न घेता नळावर घ्यावा. वर चढून पाहिलं तर टाकीच्या बॉल कॉकचा वॉशर झिजलेला, ओव्हरफ्लोचा पाइप वीतभर लांब आणि त्याचं पाणी रोज सकाळी तिथेच स्लॅबवर पडत होतं. वॉशर बदलला, ओव्हरफ्लो पाइप एल्बो लावून खाली येणाऱ्या पावसाच्या पाइपापर्यंत नेला. डाग आठवड्याभरात सुकायला लागला. सगळ्या कामातला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि हाच राहून गेला असता तर वरचं सगळं वॉटरप्रूफिंग बदनाम झालं असतं.

छताला खालून हातोडीच्या दांड्याने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने आखून घेतलं. इथे सुटलं होतं ते फक्त प्लास्टर. तांबूस गंजाचे ओघळ किंवा सळईच्या रेषेत सरळ जाणारी चीर दिसली असती, तर काम तिथेच थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं लागलं असतं. गंजून फुगलेली सळई पुट्टीखाली झाकणं हा घरच्या घरी करायचा प्रयोग नाही.

पश्चिमेचा डाग मात्र पावसाचा. तिथे स्लॅबच्या खालच्या कडेला आडवी चीर होती, पाचेक फूट लांब, पेन्सिलीची रेघ बसेल एवढी. आधी कोणीतरी ती पांढऱ्या सिमेंटने भरलेली आणि भरावाच्या शेजारून ती पुन्हा उघडलेली. नागपुरात भिंतीला चीर दिसली की पहिला आरोप काळ्या मातीवर होतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते, पाया हलतो, हे खरं. पण त्या चिरा बहुधा तिरक्या असतात, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघतात आणि खालच्या मजल्यावरही दिसतात. फक्त सर्वांत वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगत, आडवी चीर असेल तर ती उन्हाची. काँक्रीट एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०१ मिलिमीटर वाढतं. जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांच्यात स्लॅबच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर तीन मीटरचा स्लॅब सव्वा मिलिमीटर सरकतो. खालची भिंत तेवढी सरकत नाही, आणि जोड फाटतो. अशा जागी सिमेंट भरणं फुकट. आज भरलेलं मे महिन्यात उघडणार.

म्हणून ओल आणि उष्मा ही एकाच दुखण्याची दोन अंगं. स्लॅब कमी तापला तर कमी सरकेल, आणि संध्याकाळी खोलीत कमी उष्णता सोडेल. दुपारी शोषलेली उष्णता स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत पोचायला काही तास लागतात, त्यामुळे अशी खोली सूर्यास्तानंतरही तापलेलीच राहते. फॉल्स सीलिंग यादीतून इथेच कटलं. त्याने उष्मा थोडा अडतो, पण गळती सुरू झाली तर ती दिसायला पीओपी पडेपर्यंत थांबावं लागतं.

छतावरचं काम

ओलं काम होळीच्या आत संपवायचं ठरवलं. एप्रिल-मेच्या उन्हात नवं प्लास्टर पाणी मारून संपायच्या आत सुकतं आणि त्यावर जाळीसारख्या बारीक चिरा उठतात. पाण्यात मिसळून लावायचे लेप दुपारी लावले तर वरून झटकन साय धरतात, खालची वाफ बाहेर पडताना टाचणीएवढी भोकं पाडते, आणि पाणी त्यातूनच जातं.

टाकी रिकामी करून दोघांनी उचलून बाजूला ठेवली. खालच्या विटा काढल्या. शेवाळ, जुन्या चुन्याचे थर, मातीची ढेकळं तारेच्या ब्रशने खरवडून काढली आणि धुऊन दोन दिवस वाळू दिलं. स्लॅबवरच्या चिरा ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात ६ ते ८ मिलिमीटर रुंद उघडल्या, धूळ फुंकली आणि पॉलियुरेथेन सीलंट भरलं. कडेच्या कठड्याला आणि स्लॅबला जोडणारा काटकोन म्हणजे गळतीचं हक्काचं घर. तिथे एकास तीन सिमेंट-वाळूचा दोन इंची वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारा गोलसर उतार, फिरवला आणि तो आठवडाभर भिजवला. वाटा नसेल तर लेप त्या काटकोनात ताणला जाऊन आधी तिथेच फाटतो.

लेपाचं गणित असं. भिंतींच्या जाडीसह छत साधारण ९७ चौरस फूट, कठड्यावर अर्धा फूट चढवायचं २० चौरस फूट, म्हणजे ११७. इलास्टोमेरिक, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या, वॉटरप्रूफ लेपाचा फैलाव दोन हातांसाठी लिटरमागे २० चौरस फूट धरला तर जवळपास सहा लिटर. फायबरच्या जाळीखाली जास्त शोषला जातो आणि तिसरा हात द्यायचा होता, म्हणून १० लिटरची बादली. फैलावाचा आकडा डब्यावर छापलेला असतो, तोच धरावा. दुकानदाराचा आकडा नेहमी उदार असतो. पहिला हात पाणी घालून पातळ, प्रायमरसारखा. तो ओला असतानाच वाट्यावर आणि भरलेल्या चिरांवर सहा इंची जाळीची पट्टी दाबून बसवली. दुसरा हात पूर्व-पश्चिम, तिसरा उत्तर-दक्षिण, दोघांमध्ये एका दिवसाचं अंतर, वेळ सकाळी सात ते नऊ. रंग पांढराच घेतला. त्याच कंपनीचा राखाडी आणि विटकरीही मिळतो आणि तो मळका दिसत नाही म्हणून लोक घेतात, पण मग उष्म्याचा अर्धा मुद्दा हातचा गेला.

टाकीची जागाही लेपली, त्यावर रबराचा जाड तुकडा आणि मग विटा, म्हणजे विटांचे कोपरे लेप कापत नाहीत. आठवड्याने पावसाच्या पाइपाचं तोंड चिंध्यांनी बंद करून इंचभर पाणी भरलं आणि दोन दिवस ठेवलं. खाली एकही थेंब नाही. ही परीक्षा प्लास्टरच्या आधी घ्यायची, नंतर नाही.

आतल्या बाजूला पश्चिमेचं पोकळ प्लास्टर डागाच्या सहा इंच पलीकडपर्यंत आधीच काढून ठेवलं होतं, वीट मोकळी सुकावी म्हणून. खार कोरड्या ब्रशने झाडायचा. त्यावर पाणी मारलं की तो विरघळून परत विटेत शिरतो. नवं प्लास्टर एकास चार. एवढ्या तुकड्याला सिमेंट ५ किलो आणि कन्हान नदीची चाळलेली वाळू साधारण २० किलो लागली. त्यात मिसळायचं वॉटरप्रूफिंग द्रव ५० किलोच्या पोत्याला २०० मिलिलिटर असतं, म्हणजे इथे फक्त २० मिलिलिटर, दोन-अडीच टोपणं. मिस्त्री लोक अंदाजे मगभर ओततात. जास्त म्हणजे चांगलं असं इथे नसतं, प्लास्टर भुसभुशीत होतं. प्लास्टर स्लॅबला भिडवलं नाही. मध्ये १० मिलिमीटरची सरळ खाच ठेवून तिच्यात लवचीक ॲक्रिलिक सीलंट भरलं. स्लॅब सरकेल तेव्हा हालचाल त्या खाचेत मुरेल, रंगावर दिसणार नाही. मग सात दिवस ओलं गोणपाट आणि त्यानंतर महिनाभर काहीही नाही. हा महिना लोकांना सोसवत नाही. नव्या प्लास्टरवर घाईने पुट्टी ओढली की आतला ओलावा आणि क्षार रंगावर ढगासारखे डाग पाडतात.

तोवर वीज

खोलीला आलेली वायर जिन्यातल्या दिव्यावरून ओढलेली, एक चौरस मिलिमीटरची, अर्थिंगशिवाय. तिच्यावर कूलर आणि कॉम्प्युटर चालवणं म्हणजे आगीला आवतण. विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतलं. घरच्यांनी फक्त पट्ट्या बसवल्या. साडेचार इंची भिंतीत वायरीसाठी झिऱ्या (लांब खाचा) पाडल्या तर भिंत कमकुवत होते, म्हणून भिंतीवरून पीव्हीसीची केसिंग पट्टी नेली.

खालच्या मीटरजवळच्या डीबीपासून (वीज वाटणाऱ्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन ओढली: फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही अडीच चौरस मिलिमीटरचे, १६ अँपियरच्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर). दिवे-पंख्याला दीड चौरस मिलिमीटर, वेगळी १० अँपियरची एमसीबी. टेबलाजवळ सहा अँपियरचे चार सॉकेट आणि एक १६ अँपियरचा, खिडकीजवळ कूलरसाठी एक. आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारं स्विच. हिच्यावर वाद नको. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, आणि बहुतेक ठिकाणी अर्थिंग तरी नसतं किंवा चालू कूलरमध्ये पाणी भरलेलं असतं.

आरसीसीबी बसवल्यावर ती लगेच पडू लागली. अशा वेळी "वस्तूच खराब आहे" म्हणून ती काढून टाकली जाते. खरं कारण असं निघालं की खोलीतल्या पंख्याचा न्यूट्रल अजून जुन्या जिन्याच्या न्यूट्रलला जोडलेला होता. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून पाहते. परतीचा प्रवाह दुसऱ्याच वाटेने गेला तर तिच्या दृष्टीने ती गळतीच. न्यूट्रल वेगळा केला, प्रश्न मिटला.

प्रकाशाचं गणित सोपं आहे, पण करत कोणी नाही. हिशेबाच्या कामाला टेबलावर ३०० ते ५०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) लागतात. २० वॉटची एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन (एकूण उजेड) देते. त्यातलं ६० टक्के कामाच्या उंचीवर पोचतं असं धरून ७.४ चौरस मीटरला भागलं तर १६० लक्स. म्हणून दोन ट्यूब, आणि कागद वाचायला टेबललॅम्प. दोन्ही ट्यूब टेबलाच्या पुढच्या कडेच्या वर, बसणारीच्या पाठीमागे नाही, नाहीतर तिचीच सावली वहीवर पडते.

राउटर खालच्या मजल्यावर, मध्ये दोन स्लॅब. वाय-फाय रडतखडत पोचत होतं, म्हणून नेटची कॅट-६ केबल विजेच्या पट्टीपासून फूटभर लांब, वेगळ्या पाइपातून वर आणली.

पश्चिमेची खिडकी आणि कूलर

मावळतीचं ऊन इतकं तिरपं येतं की दीड फुटाचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन पडद्याला तापवतं आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून बांबूची चिक बाहेरून, खिडकीपासून सहा इंच अंतर सोडून टांगली.

कूलरची जागा ठरवताना टेबल आधी ठरलं. टेबल उत्तरेच्या भिंतीला. बसणारीचं तोंड उत्तरेला, खिडकी डाव्या हाताला, म्हणून स्क्रीनवर चमक नाही आणि लिहिताना हाताची सावली नाही. कूलर खिडकीच्या दक्षिणेकडच्या पल्ल्यात, बाहेर लोखंडी स्टँडवर. हवा दक्षिणेच्या भिंतीच्या कडेने जाऊन पूर्वेच्या दारावरच्या झरोक्यातून बाहेर पडते, टेबलावरची व्हाउचरं उडत नाहीत. कूलरच्या तोंडाभोवतीच्या फटी थर्माकोलने बंद केल्या. झरोका उन्हाळाभर उघडा. तो बंद करून कूलर चालवला की खोलीत दमट कोंडमारा होतो आणि दोष कूलरला दिला जातो.

खोलीचं घनफळ २१-२२ घनमीटर. तासाला १,००० घनमीटर हवा फेकणारा छोटा कूलर पुरतो, हॉलसाठीचा आणायची गरज नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल तर चांगल्या पॅडमधून हवा २९-३० अंशांवर निघते. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तोच कूलर जेमतेम दोन अंश उतरवतो, म्हणजे नुसता पंखा. एसीचा विचार म्हणून मेसाठी करायचा नसतो, जुलै-ऑगस्टच्या उकाड्यासाठी करायचा. त्यासाठी चार चौरस मिलिमीटरची वायर पट्टीतून ओढून टोक बंद करून ठेवली. या आकाराला एक टनाच्या वर घेण्यात अर्थ नाही.

टेबल

कूलरच्या दमट हवेत पार्टिकल बोर्ड कडेने फुगतो. लकडगंजातल्या लाकूडबाजारातून १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय आणला, ८ बाय ४ चा एकच. तिथेच आरीवर मधोमध लांबीत कापून दोन पट्ट्या केल्या, बाकी कापणी घरी. पहिल्या पट्टीतून ६० बाय २४ इंचांचा माथा आणि उरलेल्या ३६ इंचांतून एक पाय, २७¼ बाय २२. दुसऱ्या पट्टीतून दुसरा पाय आणि उरलेल्या ६८ इंचांतून मागची ५४½ बाय १० ची आडवी फळी आणि बॉक्स फाइलींसाठी ६० बाय १२ चं शेल्फ. पात्याची जाडी प्रत्येक कापाला ३ मिलिमीटर खाते. ती आखणीत धरली नाही तर शेवटचा तुकडा हमखास आखूड पडतो.

टेबलाची उंची २८ इंच. बाजारात २९-३० मिळते, पण पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीचे खांदे त्यावर दिवसभर वर उचललेले राहतात. मागची फळी पायांच्या मध्ये, दोन इंची स्क्रूंनी, आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडून. न पाडता स्क्रू मारला की प्लाय थरांतून फाकतो. माथ्याच्या पुढच्या कडेखाली दीड इंची सागवानी पट्टी, नाहीतर साडेचार फुटांच्या अंतरात माथा कालांतराने झोल धरतो. वर एक मिलिमीटरचा लॅमिनेट आणि खालच्या बाजूला पातळ बॅलन्सिंग लॅमिनेट. एकाच बाजूला चिकटवला तर दमट-कोरड्या हवेत फळी वाकते. शेल्फला तीन ब्रॅकेट, भिंतीत ८ मिलिमीटरच्या गिट्ट्या (स्क्रू पकडणारी नळकांडी). भोक ६० मिलिमीटर खोल, कारण वरचे १५-२० मिलिमीटर नुसतं प्लास्टर असतं आणि गिट्टी विटेत रुतायला हवी.

रंग मार्चअखेर. भिंती ३०५ चौरस फूट, छत ८०. पुट्टीचं २० किलोचं एक पोतं, प्रायमर ४ लिटर, इमल्शन दोन हातांना ७ लिटर, चकाकी नसलेला. खाचेतल्या सीलंटवर पुट्टी ओढायची नाही, फक्त रंग.

जूननंतर

नवतपात, मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी दोन ते पाच खोलीत कूलरशिवाय बसवत नव्हतंच. पांढऱ्या लेपाकडून कोणी एसीची अपेक्षा करू नये. फरक पडला तो संध्याकाळी: आधी रात्री नऊपर्यंत तापलेलं राहणारं छत आता दिवेलागणीनंतर लवकर निवतं. मेच्या धुळीने लेप मळकट झाला की ऊन परतवणं कमी होतं, म्हणून तो महिन्यातून एकदा झाडूने धुवावा लागतो, सकाळी आणि अनवाणी, कारण बुटाखालचा खडा लेप फाडतो. कूलरचं पाणी आठवड्याला पूर्ण उपसायचं, डासांसाठी आणि पॅडवर बसणाऱ्या क्षारासाठीही.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर छत आणि पश्चिमेची भिंत कोरडी होती. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढी नवी ओल आली. छज्ज्याच्या माथ्यावर उतार उलटा आहे, पाणी भिंतीकडे साचतं, आणि लेप तिथवर नेलेलाच नव्हता. पावसाळ्यात त्याला हात लावून उपयोग नाही. ऑक्टोबरमध्ये छज्जा कोरडा झाल्यावर बाहेरच्या कडेकडे अर्ध्या इंचाचा उतार द्यायचा, भिंतीलगत वाटा फिरवायचा आणि बादलीत उरलेला दीड लिटर लेप तिथे वापरायचा. तोवर त्या कोपऱ्यातली पुट्टी खरवडून वीट उघडी ठेवली आहे.